कडूपणा बेताचा, अल्कोहोल त्याहून बेताचं: घरगुती हॉपी बिअरची पहिली खेप

कारल्याची भाजी ज्याला नीट जमते, त्याला ही बिअर जमायला हरकत नाही. कारलं आपण मीठ लावून पिळतो, गुळाचा खडा टाकतो, चिंचेचा कोळ घालतो. कडूपणा पार घालवत नाही, त्याला सोबत देतो. जास्त अल्कोहोलच्या बिअरमध्ये ही सोबत आपोआप मिळते. धान्य जास्त लागतं, त्याचा गोडसरपणा मागे राहतो, आणि अल्कोहोल स्वतःच जिभेला जरा गोड, जरा जाडसर लागतं. ३ टक्क्यांच्या बिअरमध्ये असा गूळ हाताशी नसतो. त्यामुळे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, किती टाकले याच्याइतकंच ते कधी टाकले, याकडे लक्ष द्यावं लागतं.

मी हे पर्थमध्ये शिकलो. तिथे घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. गॅरेजमध्ये बादल्या मांडून सहा वर्षं केली. पर्थचा उन्हाळा म्हणजे जानेवारी. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे नागपूरच्या माणसाला तिथे नवीन काही शिकावं लागत नाही. परत आल्यापासून मित्र, भाचे, शेजारचे काका सगळे एकच विचारतात, "काहून बाप्पा, घरी होते का ही?" होते. पण आधी कायदा.

आधी कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि बिअर मद्यातच मोडते. "घरच्यापुरती दहा लिटर" अशी सूट त्यात नाही. आपल्या राज्यात प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि शेजारचा वर्धा जिल्हा तर पूर्ण कोरडा. परवान्याची चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात करायची.

म्हणून मी नागपुरात यीस्टच्या पायरीला थांबतो. तिथपर्यंत जे तयार होतं ते हॉप्स घालून उकळलेलं माल्टचं पाणी असतं, त्यात अल्कोहोल नसतं आणि थंड सोड्यात ते फार छान लागतं. थांबायची जागा आली की सांगतो. पुढच्या पायऱ्या ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्यासाठी, किंवा ज्या देशात याला मुभा आहे तिथे राहणाऱ्या आपल्या पोरांसाठी.

अजून एक भीती आधीच काढून टाकतो. हातभट्टीच्या बातम्या वाचून लोक विचारतात, विषारी तर होणार नाही? त्या दुर्घटना बहुतेक वेळा मिथेनॉलची भेसळ केलेल्या दारूने होतात. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं आणि इथे ऊर्ध्वपातन नसतंच. बिअरमधला खरा धोका फुटणाऱ्या बाटलीचा. त्याबद्दल शेवटी.

सामान

पहिली खेप १० लिटरची ठेवा. जास्त केली आणि बिघडली तर ओतून देताना जीव जातो.

इतवारीत भांड्यांच्या दुकानात २० लिटरचा स्टीलचा गंज घ्या, जाड बुडाचा. गांधीबागेतून बारीक जाळीचं नायलॉन कापड आणून शिंप्याकडून गंजाच्या आकाराची पिशवी शिवून घ्या. शिंपी विचारेल कशाला, तर पनीर गाळायला सांगा. मी तेच सांगितलं होतं. याशिवाय थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती ते दाखवणारी नळी), पीएचच्या पट्ट्या, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा, आणि आंबवायला झाकण व एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) असलेली फूड-ग्रेड बादली. यातलं बहुतेक ऑनलाइन मिळतं.

धान्य आणि हॉप्स असे:

पेल माल्ट १ किलो २०० ग्रॅम
किराण्यातले साधे रोल्ड ओट्स २०० ग्रॅम (मसाला ओट्स नकोत, हे सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे)
क्रिस्टल माल्ट, फिकट रंगाचा, १०० ग्रॅम
हॉप्स: ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा कॅस्केड ५ ग्रॅम, सिट्रा किंवा मोझॅक ५५ ग्रॅम
कोरडं यीस्ट अर्धं पाकीट, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, आणि चिमूटभर यीस्ट न्यूट्रियंट

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. नाचणीचं सत्त्व करताना घरी हेच होतं, धान्य तेवढं वेगळं. हॉप्स ही वेलीची फुलं. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये ती वेल लावतात, पण सिट्रा, मोझॅक वगैरे अमेरिकेतून येतात. हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. पाकीट आलं की फ्रीझरमध्ये टाका, आणि नवतपात कुरिअरने काहीही मागवू नका. मे महिन्यात तीन दिवस गोदामात पडलेल्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येतो. घरात कुत्रा असेल तर हॉप्स, वापरलेले सुद्धा, त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कुत्र्यांना ते विषारी असतात.

पाणी

इथे जरा थांबू, कारण नागपुरात हॉपी बिअर बिघडली तर शंकेची सुई मी पहिली पाण्याकडे वळवीन.

नळाला येणारं पाणी पेंच आणि कन्हानचं. ते क्लोरिनने शुद्ध केलेलं असतं. पिण्यासाठी उत्तम, पण क्लोरिन आणि माल्टमधली फिनॉलवर्गीय द्रव्यं एकत्र आली की मलमपट्टीच्या खोलीचा वास तयार होतो. माझी दुसरी खेप अशीच गेली. पाहुण्याने घोट घेतला आणि विचारलं, "कोणाला लागलं का?" मोकळं क्लोरिन घालवायला पाणी पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवा, किंवा त्यात अगदी चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाका.

बोअरवेलचं पाणी असेल आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल, तर ते वापरूच नका. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजत ठेवलेल्या माल्टचा, पीएच वर राहतो आणि हॉप्सचा कडूपणा रुक्ष, घशात ओरखडा काढणारा होतो. नवशिक्याने सरळ आरओचं पाणी घ्यावं आणि त्यात क्षार मोजून टाकावेत. १४ लिटर पाण्याला दीड ग्रॅम जिप्सम आणि दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही खाण्याच्या दर्जाचे. जिप्सममधलं सल्फेट कडूपणाला धार देतं, क्लोराइड तोंडात भरीवपणा देतं. भरपूर अल्कोहोलच्या आयपीएला (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची बिअर) लोक जिप्सम वाढवतात. हलक्या बिअरला ती धार टोचते, म्हणून इथे दोन्ही सारखं.

भरडणं आणि मॅश

माल्ट दळायचा नाही, भरडायचा. टरफल शक्यतो अखंड आणि आतला दाणा तीन-चार तुकड्यांत, इतकाच. गिरणीवाल्याला "डाळीचा भरडा, तोही जाड" म्हटलं की कळतं. मिक्सरमध्ये फिरवाल तर पीठ होईल, पिशवी तुंबेल आणि टरफलांचा तुरटपणा उतरेल. माल्ट विकणारे भरडूनही देतात, पहिल्यांदा तेच करा.

गंजात १४ लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा, पिशवी लावा, धान्य हळूहळू सोडत ढवळा. गुठळी राहू देऊ नका. तापमान ७० च्या आसपास स्थिरावेल. झाकण ठेवून जुन्या गोधडीत गुंडाळा आणि तासभर सोडून द्या.

हे ७० अंश मुद्दाम. माल्टमधली विकरं स्टार्चची साखर करतात. ६२-६५ अंशांना काम करणारं विकर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त बनवतं. ७० च्या आसपास दुसऱ्याचा जोर चालतो, आणि त्याने बनवलेल्या लांब साखळ्यांपैकी बऱ्याच यीस्टला पचत नाहीत. त्या बिअरमध्येच राहतात, अल्कोहोल कमी होतं आणि घोट पाण्यासारखा लागत नाही. कारल्यातला गूळ तो हा. ओट्सही त्याच कामाला आहेत.

दहा मिनिटांनी पीएच बघा. ५.३ ते ५.४ हवा. आरओ पाण्यात पातळ मॅश करताना तो थोडा वर निघतो. खाण्याच्या दर्जाचं लॅक्टिक आम्ल अर्धा मिली टाका, ढवळा, पुन्हा बघा. दीड मिलीच्या आसपास काम होतं.

तासाने पिशवी उचला, गंजावर चाळणी ठेवून निथळू द्या, हलकेच दाबा. उरलेला चोथा टाकू नका. अजून त्याला हॉप्स लागलेले नसतात, त्यामुळे भाजणीत मिसळून त्याची थालीपिठं होतात. आमच्याकडे बिअरपेक्षा त्यांचीच वाट बघणारी माणसं आहेत.

उकळी

खाली राहिलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. आता मोठ्या आचेवर तासभर उकळी, झाकण न ठेवता. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा उतू जातो, तेव्हा ओट्यापासून हलू नका.

हॉप्समध्ये कडूपणा देणारी अल्फा आम्लं असतात आणि सुगंध देणारी तेलं. दोघांचं पटत नाही. अल्फा आम्लं पाण्यात उतरायला त्यांचं रूप बदलावं लागतं आणि त्याला उष्णता व वेळ लागतो. तेलं मात्र उकळीत पाचेक मिनिटांत उडायला लागतात. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडू करतात, शेवटी टाकलेले वास देतात. कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात. एक आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम रूप बदललेलं अल्फा आम्ल.

आपल्याला २० आयबीयूच्या आसपास राहायचं आहे. हायड्रोमीटरवर सुरुवातीचा आकडा १.०३२ असेल, म्हणजे ३२ गुण, आणि कडूपणा त्याच्या दोन-तृतीयांशाच्या जवळ. मी माझ्या पहिल्या खेपेला हे गणित केलं नव्हतं. "हॉपी" म्हणजे भरपूर हॉप्स, असं समजून ३० ग्रॅम पहिल्या मिनिटालाच ओतले. कडुनिंबाचा काढा झाला, आणि तोही पातळ.

आता उकळीची सुरुवात: गोल्डिंग्ज किंवा कॅस्केड ५ ग्रॅम. पाकिटावर अल्फा ६ टक्के असेल तर यातून ८ आयबीयू येतील. आकडा वेगळा असेल तर वजन त्या प्रमाणात बदला.

शेवटची १० मिनिटं राहिली: सिट्रा ५ ग्रॅम, त्यातून साधारण ५-६. याच वेळी न्यूट्रियंट टाका.

गॅस बंद करून गंज ८० अंशांपर्यंत निवू द्या: सिट्रा २० ग्रॅम, झाकण ठेवून २० मिनिटं. या तापमानाला अल्फा आम्लांचं रूपांतर मंदावतं, त्यामुळे एवढे हॉप्स टाकूनही कडूपणा ६-७ च वाढतो, आणि तेलं बरीचशी भांड्यातच राहतात. घाईत उकळत्या गंजात टाकले तर सगळा हिशेब चुकतो. थर्मामीटर बघूनच टाका.

थंड करणं

पुस्तकात लिहिलेलं असतं, नळाच्या पाण्याने २० अंशांपर्यंत थंड करा. मे महिन्यात दुपारी चारला गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात धरून बघा, मग त्या पुस्तकाचं काय करायचं ते ठरवा. गंज मोठ्या टबात ठेवा, आधी साधं पाणी दोनदा बदला, मग बर्फाची लादी फोडून टाका. पहाटे सुरुवात करून दहाच्या आत हे आटोपलं तर उत्तम.

या क्षणापासून वर्टला लागणारी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक हवी. ब्लीच किंवा फिनाइल वापरू नका, मलमपट्टीचा वास परत येईल. फॉस्फोरिक आम्लाचं, नंतर धुवावं न लागणारं सॅनिटायझर मिळतं, ते घ्या.

यीस्टशिवाय थांबायचं असेल तर ते इथेच. वर्ट गाळा, लिंबू पिळून पीएच ४.२ च्या खाली आणा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. ग्लासात अर्धं हे, अर्धा थंडगार सोडा. आमच्या वहिनी याला "कडू सोडा" म्हणतात आणि दुसरा ग्लास मागतात. हे बाहेर ठेवू नका आणि घट्ट बाटलीत साठवू नका. साखर आहे, अल्कोहोल नाही, म्हणजे जंतूंना मेजवानीच.

यीस्ट

यीस्ट ऋतू बघून निवडा. नागपूरसारख्या हवेत डिसेंबर-जानेवारीला विंडसर जातीचं इंग्लिश यीस्ट चांगलं. माल्टोट्रायोज नावाची साखर त्याला खाता येत नाही, म्हणून बिअर भरीव राहते. त्याला २० अंशांच्या आसपासची खोली हवी.

बाकी वर्षभर मी क्वाइक सुचवीन. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या घरी जपलेलं हे यीस्ट. त्यातलं वॉस गावाकडचं वाण ३५ ते ४० अंशांना उत्तम काम करतं. थंडीच्या देशातलं यीस्ट आपल्या उन्हाळ्यासाठीच जन्मलं असावं, असं वाटतं. वर्ट ३५ पर्यंतच थंड करायचं असल्याने बर्फही वाचतो. शिवाय ते संत्र्याच्या सालीसारखा वास सोडतं, म्हणजे नागपूरकरांना सांगायलाच नको. खरी संत्र्याची साल टाकायचा मोह अनेकांना होतो. टाकायचीच तर वरचा नारिंगी पापुद्रा तेवढा किसून, ५ ग्रॅम. आतला पांढरा भाग गेला की मोजून मापून आणलेला कडूपणा हाताबाहेर.

हायड्रोमीटरचा आकडा आधी लिहून घ्या. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेले असतात. ३५ अंशांच्या वर्टमध्ये ते ४ गुण कमी दाखवतात, ते मिळवा. आपले एकूण गुणच ३२, त्यामुळे ही चूक लहान नाही. मग वर्ट बादलीत उंचावरून ओता, हवा मिसळू द्या. हवा मिसळायची ती एवढ्याच वेळी. यीस्ट भुरभुरा आणि झाकण लावा.

विंडसरला दहा दिवस द्या, वॉसला चार-पाच पुरतात. खोली चाळीसच्या वर जात असेल तर बादलीला ओलं पोतं गुंडाळून कूलरच्या झोतात ठेवा, माठाचंच तत्त्व. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

आकडा १.०१० च्या जवळ आला की उरलेला ३० ग्रॅम सिट्रा उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत घालून दोन दिवस सोडा. जास्त हॉप्स, जास्त दिवस, हे हलक्या बिअरला सोसत नाही. गवताची चव येते.

बाटल्या

हॉप्समध्येही थोडी विकरं असतात. आपण मॅशमध्ये मुद्दाम राखलेल्या लांब साखळ्या ती तोडतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. हे बाटलीत झालं तर बाटली फुटते. पर्थच्या गॅरेजमध्ये माझ्या चार फुटल्या, काच छताच्या पत्र्यात रुतली होती. हॉप्स काढल्यावर ४८ तासांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा हलला नाही तरच पुढे. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१.२५ ने गुणा: १.०३२ वजा १.०१० म्हणजे ०.०२२, गुणाकार २.९ टक्के.

फेसासाठी साखर लागते, बाटलीत जाणाऱ्या बिअरच्या लिटरमागे. ३५ अंशांना आंबवलेल्या बिअरमध्ये वायू कमी मुरलेला असतो, तिला ७ ग्रॅम. हिवाळ्यातल्या बिअरला साडेपाच पुरेत. साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून, बादलीत हलकेच मिसळा. पहिल्या खेपेला सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरा. दाबून बघता येतात, कडक झाल्या की फेस तयार. फुटल्या तरी काच उडत नाही. काचेच्याच घ्यायच्या तर कबाड्याकडच्या तपकिरी ६५० मिलीच्या, तडा नसलेल्या. पांढऱ्या किंवा हिरव्या बाटलीतली हॉपी बिअर उन्हात काही मिनिटांत कुबट वासाची होते. भरताना नळी तळापर्यंत सोडा, खळखळ होऊ देऊ नका. हवा लागली की सिट्राचा वास दोन आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो.

आठवडाभर अंधाऱ्या खोलीत, मग फ्रिजमध्ये. दोन दिवसांनी पहिली उघडा.

घशात टोचत असेल तर पुढच्या खेपेला पहिल्या मिनिटाचे हॉप्स ५ वरून ३ ग्रॅम करा, शेवटच्यांना हात लावू नका. पाणचट वाटली तर मॅश ७१ अंशांना करा किंवा ओट्स ५० ग्रॅम वाढवा. सावजीच्या रश्श्याबरोबर चाखून मत बनवू नका, तिखटावर कडूपणा दुपटीने लागतो. फुटाणे, खारे दाणे एवढंच बरोबर घ्या. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, सहा आठवड्यांच्या आत संपवा, आणि मधल्या काळात लाइट जाऊन फ्रिज दिवसभर बंद राहिला तर त्याच संध्याकाळी दोन मित्रांना बोलवा.